पाटीला फुटलेला फाटा

गुरुवारी सकाळी मंद्रूपच्या शाळेत दुसरीच्या वर्गातल्या पाट्या उघडेनात.

या पाट्या दगडी नव्हेत. कुणीतरी देणगी दिलेले जुने टॅब आहेत आणि त्यांच्यावर ‘पाटी’ नावाचा प्रोग्राम आहे. पोरं त्यावर बोटानं लिहितात, पुसतात, पुन्हा लिहितात. त्याला इंटरनेट लागत नाही, पैसेही लागत नाहीत. वर्गशिक्षिका नाजनीन यांनी तो पहिलीपासून या पोरांच्या हाती दिलाय. मी निवृत्त माणूस, पण आठवड्यातून दोनदा सोलापुरातून एसटीनं त्यांच्या मदतीला जातो. पोरांना जोडाक्षरं शिकवली नाहीत तर मला जेवण पचत नाही, असं माझी बायको गुलबानो म्हणते.

सोमवारी पालकसभा होती. प्रत्येक पोरानं आपल्या घराविषयी एक पान लिहिलं होतं आणि ते आईवडिलांसमोर वाचायचं होतं. त्यात शगुफ्ता नावाची मुलगी आहे. घरी दख्खनी बोलणारी. पहिलीचं सगळं वर्ष तिनं वर्गात मराठीचा एक शब्द तोंडातून काढला नव्हता. तिनं वडिलांच्या टेम्पोवर पूर्ण पान लिहिलं होतं. टेम्पोचा रंग, त्याच्यावरचं नाव, आणि हॉर्न कसा वाजतो तेसुद्धा. पान झालं त्या दिवशी तिनं ते मला दोनदा वाचून दाखवलं, मग शाळेच्या शिपाईमामांना, मग दारातून डोकावणाऱ्या तिसरीच्या पोरांना.

आता त्या पानावर बोट ठेवलं की टॅब पांढरा व्हायचा आणि खाली अक्षरं यायची: हे पान उघडता येत नाही.

“गुरुजी, माझा टेम्पो कुटं गेला?” शगुफ्तानं विचारलं.

“येईल.”

“कधी?”

पोरांचा हा प्रश्न मला नोकरीत असल्यापासून जड जातो. ‘का’ला उत्तर सापडतं, ‘कधी’ला सापडत नाही.

“शगुफ्ता, आपण पुन्हा लिहूया का?” नाजनीनबाई म्हणाल्या.

“मी लिवलाय की. परत कशाला?”

तिचं म्हणणं बरोबर होतं. एका टॅबवर असं झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण दुपारपर्यंत जवळपास सगळ्या टॅबवर तेच झालं. मुख्याध्यापक वर्गात आले, दाराशी उभे राहिले. माणूस चांगला आहे, पण त्यांनाही वर उत्तरं द्यावी लागतात.

“गुरुजी, सोमवारपर्यंत बघा,” ते म्हणाले. “जमलं नाही तर हे टॅब बाजूला ठेवू. ते टॅब विकणारे कंपनीवाले दोनदा येऊन गेलेत, त्यांचं घेऊ. तुमची राजेश्वरी गुणी मुलगी आहे, पण गुणांवर टॅब चालत नाही.”

पाटी राजेश्वरीनं बनवली होती. राजेश्वरीनं आणि शाकीरनं. ही दोघं माझे विद्यार्थी, याच शाळेतले, एका बाकावरचे. आता राजेश्वरी सोलापुरात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि शाकीर चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिथले सगळे कॉम्प्युटर सांभाळतो. नोकरी झाल्यावर उरलेल्या वेळात त्यांनी पाटी उभी केली, आणि तिची सगळी कृती इंटरनेटवर उघडी ठेवली. कुणीही वाचावी, वापरावी, बदलावी. कुणाला सुधारणा सुचली तर त्यानं ती सगळ्यांसमोर मांडायची. मूळ पाटी सांभाळणाऱ्यानं ती घ्यायची किंवा नाही म्हणायचं. मूळ सांभाळायचं काम राजेश्वरीकडे होतं. बेळगावची एक मुलगी, केरळातला एक ग्रंथपाल, नेपाळातले एक मास्तर अशी माणसं त्यात हात लावू लागली. मला त्याचं फार अप्रूप होतं. ज्यांनी एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत ती माणसं मिळून मंद्रूपच्या पोरांचा ‘ळ’ सुधारत होती.

मग वाद झाला.

वाद असा की, पोरानं पाटीवर लिहिलं आणि पुसलं, तर ते पुसलेलं पाटीनं लक्षात ठेवावं का?

राजेश्वरीचं म्हणणं, ठेवावं. तिची पाटी प्रत्येक रेघ जपून ठेवायची. बटण दाबलं की पान जसं लिहिलं गेलं तसं डोळ्यांसमोर पुन्हा लिहिलं जायचं, खाडाखोडीसकट. पोर कुठं अडलं, कोणतं अक्षर उलट्या बाजूनं काढलं, हे शिक्षकाला मागाहून बघता यायचं. मला स्वतःला ते फार आवडायचं. पोरानं ‘क’ची दांडी खालून वर नेली हे कागदावर कधीच कळत नाही.

शाकीरचं म्हणणं, पुसलं म्हणजे पुसलं. पोरांना पाटी आवडते ती विसरते म्हणून, असं त्यानं लिहिलं होतं. चुकलेलं कुणीतरी जपून ठेवतंय हे पोराला कळलं तर ते चुकायलाच घाबरेल. शिवाय एवढ्या रेघा साठवल्या तर जुने टॅब भरून जातील, हेही त्यानं तेव्हाच लिहिलं होतं. नुसतं लिहून तो थांबला नाही, पुसलेलं विसरणारी पाटी तयार करून त्यानं ती सुधारणा म्हणून राजेश्वरीपुढे ठेवली.

मी दोघांचं वाचलं. दोघंही बरोबर होती आणि तीच पंचाईत होती. एक जण चुकत असता तर मी त्याचा कान धरला असता.

राजेश्वरीनं ती सुधारणा नाकारली. त्यावर जगभरच्या लोकांना जोर आला. ज्यांनी आयुष्यात पोराच्या हातात पाटी दिली नसेल अशांनी पानंच्या पानं लिहिली. एकानं राजेश्वरीला हुकूमशहा म्हटलं. दुसऱ्यानं शाकीरला चोर. कारण तोवर शाकीरनं पाटीची नक्कल घेऊन, तिला ‘कोरी पाटी’ नाव देऊन, आपला वेगळा संसार मांडला होता. याला त्या लोकांत फोर्क म्हणतात. मी आपला फाटा म्हणतो. एका रस्त्याला फाटा फुटतो, आणि पुढे दोन्हीकडून एसट्या धावायला लागतात. त्यात चोरी कसली? उघड्या कृतीचा नियमच आहे की कुणीही न्यावी आणि आपल्या वाटेनं जावं.

पण दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं, ते मात्र कुठल्या नियमात नव्हतं. ईदला मी दोघांना शीरखुर्मा प्यायला बोलावलं. म्हटलं समोरासमोर आली की बोलतील. राजेश्वरी सकाळी आली, शाकीर दुपारी. ती दाराशीच म्हणाली, “तो येऊन गेला?” तो चपला काढता काढता म्हणाला, “ती यायचीय का अजून?” गुलबानो मला म्हणाली, “तुमी आन् तुमच्या युक्त्या.”

तर गुरुवारी संध्याकाळी शगुफ्ताचा टॅब पिशवीत घालून मी राजेश्वरीच्या घरी गेलो.

“बर्री गुरुजी, बर्री,” तिच्या आईनं, सिद्धम्मांनी, या या म्हणत दार उघडलं. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं; आनंद झाला की आधी कानडीच येतं. “राजी, चांदसाब गुरुजी आल्यात बघ.”

राजेश्वरीनं टॅब आपल्या कॉम्प्युटरला जोडला. ती बघत बसली, तोवर मी चहा संपवला.

“जागा संपलीय,” ती अखेर म्हणाली. “सगळी. पुसलेल्या रेघांनी भरलाय टॅब. पान साठवताना मध्येच जागा संपली आणि पान अर्धवट लिहिलं गेलं. म्हणून उघडत नाही.”

“म्हणजे पान गेलं?”

“गेलं नाही. आहे आत. पण शेवट तुटलेला आहे, आणि माझ्या पाटीला तुटलेलं पान वाचता येत नाही. पूर्ण असेल तरच वाचते ती.” तिनं डोळे चोळले. “ते शिकवायचं म्हणजे पंधरा दिवस तरी जातील. चाचण्या वेगळ्या.”

“सोमवारी सभा आहे.”

“माहितीय हो गुरुजी.”

ती गप्प झाली. हे गप्प होणं मी ओळखतो. चौथीत असताना उत्तर येत असायचं पण ते दुसऱ्याच्या वहीत आहे हेही ठाऊक असायचं, तेव्हा ती अशीच गप्प व्हायची.

“कुणाला येतं का हे?” मी विचारलं.

“शाकीरला,” ती कॉम्प्युटरकडेच बघत म्हणाली. “कोऱ्या पाटीत आहे ते. माझी पाटी सोडून त्याच्याकडे गेलेल्या शाळांची पानं अशीच तुटलेली होती. त्यानं ती वाचायची सोय केली. आठ महिने झाले.”

“तुला कसं कळलं?”

“बघते ना मी. रोज बघते त्यानं काय लिहिलं ते.” मग जरा थांबून, “रोज म्हणजे, आठवड्यातून.”

“मग घे की तेवढा तुकडा. उघडंच असतं ना सगळं? फुकट?”

“जगाला फुकट आहे गुरुजी,” राजेश्वरी म्हणाली. “मी कशी घेऊ? इतके महिने ज्याला एक शब्द विचारला नाही, त्याच्या घरातलं उचलून आणू? तो म्हणेल, नाकारलंस तेव्हा ‘हे पाटीचं काम नाही’ म्हणालीस, आता बरं लागलं.”

स्वयंपाकघरातून दुधाचं पातेलं उतरवल्याचा आवाज आला. सिद्धम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“विरजण संपलं की काय करतीस गं?”

“आई, हे दह्याचं नाही.”

“मग काय ताकाचं हाय? गुरुजी, तुमाला आठवतंय का, मंद्रूपला आमचं आन् शाकीरचं घर भिंतीला भिंत. ही एवढीशी होती. मी म्हटलं जा, विरजण आण. ही गेली, घरात कुणी नव्हतं, दार उघडं, दह्याचं भांडं समोर. वाटी भरून घेऊन आली शहाणी. मी तशीच परत पाठवली. म्हटलं, ठेवून ये. शाकीरची आई विहिरीवरनं येईस्तोवर उंबऱ्यावर बस, हाक मार, मग आण.”

“बसले होते मी,” राजेश्वरी म्हणाली. “उन्हात.”

“व्हय. न विचारता आणू नको म्हटलं होतं.” सिद्धम्मांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. “मागू नको म्हटलं नव्हतं.”

मला तेव्हा उलगडलं की इतके महिने मी ज्याला हट्ट समजत होतो, त्यात निम्मा तरी हा उंबरा होता. जगातल्या कुठल्याही माणसानं तो तुकडा शाकीरला न विचारता नेला असता आणि शाकीरला त्याचं काही वाटलं नसतं. राजेश्वरीला मात्र तो विचारल्याशिवाय नेता येत नव्हता आणि विचारायला तोंड नव्हतं. तिकडे शाकीर तो आपण होऊन देत नव्हता. सगळ्या जगासमोर उघडं पडलेलं औषध, आणि दुखणंही माहीत असलेलं, पण हाक कुणी मारायची यावर अडलेलं.

“फोन करते,” ती म्हणाली. फोन हातात घेतला, पाहिला, खाली ठेवला. “नाही. फोनवर नाही. उद्या जाते चिंचोळीला. गुरुजी, तुम्ही याल?”

शुक्रवारी मी तिच्या स्कूटरवर मागं बसून हायवेनं चिंचोळीला गेलो. मांडीवर टॅबची पिशवी, डोक्यावर सिद्धम्मांनी बळजबरीनं चढवलेलं हेल्मेट. ट्रक शेजारून गेला की मी पिशवी घट्ट धरायचो आणि राजेश्वरी ओरडून विचारायची, “गुरुजी, आहात ना?”

कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. जेवणाच्या सुट्टीत शाकीर बाहेर आला, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. आम्हाला बघून तो जागच्या जागी थांबला.

“गुरुजी! तुमी? गाडीवर? आन् हिच्या मागं?” तो जवळ आला. “जीव वर आला न्हाय का तुमचा?”

“आला होता. आता बसलाय जागेवर,” मी म्हणालो.

“काय मॅडम,” तो तिच्याकडे वळला. “आज हिकडं कुटं वाट चुकली?”

“मंद्रूपची पानं तुटलीत,” राजेश्वरी म्हणाली. “जागा भरली टॅबची. तू म्हणाला होतास तसंच झालं. तुझा तो तुकडा पाहिजे, तुटलेलं पान वाचायचा. घेऊ का?”

एका दमात बोलली. मला वाटतं रस्ताभर तेच घोकत आली होती.

शाकीरनं डबा टपरीच्या बाकड्यावर ठेवला. “कोऱ्या पाटीचं लायसन्स वाचलं न्हाय का? विचारायची गरज नस्ती. कुणीबी न्यावं.”

“लायसन्सला नाही विचारत मी. तुला विचारतेय.”

टपरीवाल्यानं न सांगताच तीन कप पुढे केले. शाकीरनं एक मला दिला, एक तिच्या बाजूला सरकवला.

“एक सांग,” तो म्हणाला. “तो केरळचा ग्रंथपाल. त्याची सुधारणा नाकारलीस तवा किती ओळी लिहिल्यास?”

“म्हणजे?”

“मी मोजल्यात. चार. आभार मानलेस, कारण सांगितलंस, काय चांगलं हाय ते सांगितलंस, पुन्हा ये म्हटलंस. नेपाळच्या मास्तरला चार. बेळगावच्या पोरीला तर पाच. आन् मला? ‘हे पाटीचं काम नाही. बंद करते.’ एक ओळ. परक्याला चार आन् मला एक व्हय?”

राजेश्वरी त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या महिन्यांत तिला वाटलं होतं की तो नकारावर चिडलाय. मलाही तसंच वाटलं होतं.

“परक्याला समजावून सांगावं लागतं रे,” ती हळू म्हणाली. “तुला काय समजावू? मला वाटलं तुला कळेल.”

“कळलं की. तेच कळलं.”

“आणि तू? संध्याकाळी घरी यायचंस, भांडायचंस. ते सोडून नक्कल काढलीस.”

“तू मला चोर म्हणू दिलंस.”

“मी म्हटलं नाही.”

“खोडलं बी न्हाईस.”

“तू हुकूमशहा खोडलंस?”

शाकीर कपात बघायला लागला. “...न्हाय.”

“मग?”

आधी तो हसला, मग ती. मी चहाचा घोट घेतला. तो कधीचाच थंड झाला होता, तरी गोड लागला.

“घे,” शाकीर म्हणाला. “घे म्हंजे काय, सरळ बसंल तुझ्यात. तुझा पान साठवायचा साचा मी बदललाच न्हाय.”

“बदलला नाहीस?” राजेश्वरी चकित झाली. “रेघा साठवायच्या नाहीत म्हणून तर वेगळा झालास. मग माझा साचा कशाला ठेवलास? किती अवघड गेलं असेल.”

“लई अवघड गेलं. पण पोरांची पानं हायत ती. उद्या एखादी शाळा परत तुझ्याकडं गेली तर? तुझं-माझं भांडण, पोरांनी काय केलंय?” त्यानं डब्याचं झाकण उघडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी. “खा. गुरुजी, तुमी बी. उद्या शनिवार हाय, मी सुट्टी टाकून मंद्रूपला येतो. हे घरी बसून जमायचं न्हाय, टॅब हातात पाहिजेत.”

शनिवारी सकाळी वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात दोघं सतरंजीवर मांडी घालून बसली. लॅपटॉप एका छोट्या बाकड्यावर, टॅब पुढ्यात रांगेनं. नाजनीनबाई पुढे पाढे म्हणून घेत होत्या, पण एकाही पोराचं लक्ष पाढ्यांत नव्हतं. शाकीर काहीतरी सांगायचा, राजेश्वरी मान हलवायची, मग ती टाइप करायची आणि तो म्हणायचा, “तिथं न्हाय गं, वर.” पहिल्या प्रयत्नाला टॅब बंदच पडला. दुसऱ्याला पुन्हा तोच पांढरा पडदा. मुख्याध्यापक दारावरून एकदा गेले, परत एकदा गेले. राजेश्वरीच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, संपलं. सोमवारी शगुफ्ताला काय सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात सुरू केली.

“थांब,” शाकीर म्हणाला. “जागाच न्हाय त्याला. पान उघडून ठेवणार कुटं? आधी गाणीबिणी काढ त्यातली.”

देणगी देणाऱ्यानं टॅबमध्ये कधीकाळी भरलेली गाणी तशीच होती. ती काढली. राजेश्वरीनं पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर एक चाक उमटलं. मग दुसरं. मग टेम्पोचं चित्र, आणि त्याखाली वाकडी, मोठी, ओळखीची अक्षरं.

“माझा टेम्पो!” शगुफ्ता बाकावरून उठून धावत आली. सगळा वर्ग तिच्यामागं. पाढे राहिले तिथेच.

पण पानावर आणखी काहीतरी येत होतं. तुटलेलं पान वाचताना त्यातली प्रत्येक रेघ परत आली होती, पुसलेल्यासुद्धा. अक्षरांवर अक्षरं, ओळींवर ओळी. शगुफ्ता पाहत होती. तिचा चेहरा बदलला. तिनं चटकन दोन्ही तळवे पडद्यावर ठेवले.

“हे मी पुसलं होतं,” ती म्हणाली. “बघू नका.”

पोरं खिदळली. शाकीरनं मान खिडकीकडे वळवली. त्याला त्या क्षणी म्हणता आलं असतं, बघ, मी काय सांगत होतो. तो नुसता बाहेर ज्वारीच्या काढणीकडे बघत राहिला.

राजेश्वरी त्या दोन छोट्या हातांकडे पाहत होती. त्यांच्या फटीतून काय लिहिलंय ते दिसलं असतं, पण तिनं डोळे मिटले.

“मी नाही बघितलं,” ती म्हणाली.

“खरंच?”

“शप्पथ. तो कोपऱ्यातला खोडरबर दिसतोय ना? शाकीरच्या पाटीतला आहे तो. त्यावर बोट ठेव. जे पुसलं होतंस ते सगळं जाईल, लिहिलेलं राहील.”

शगुफ्तानं एक हात तसाच ठेवून दुसऱ्याचं बोट खोडरबरावर टेकवलं. मग फटीतून आत डोकावून खात्री केली, आणि हात काढले. पान स्वच्छ होतं. टेम्पो होता, हॉर्न होता.

दुपारपर्यंत एकेक करून सगळी पानं परत आली. दोन पोरांच्या पानांचे शेवट गेले होते. त्या पोरांनी तिथंच बसून नवे शेवट लिहिले, आणि एकाचा तर आधीपेक्षा बरा झाला. प्रत्येक पोराला राजेश्वरीनं आधी विचारलं, “पुसलेलं ठेवू की घालवू?” बहुतेकांनी घालव म्हटलं. शिवू नावाच्या पोरानं मात्र ठेवा म्हटलं, आणि आपलं पान लिहिलं जाताना पुन्हा बघायला बसला. त्याच्या खांद्यावरून शाकीरही बघत होता. ‘घर’मधला ‘घ’ चार वेळा बिघडला, पुसला गेला, आणि पाचव्यांदा उभा राहिला तेव्हा शिवूनं टाळी वाजवली. शाकीरनं बटण दाबून ते पुन्हा सुरू केलं.

“दिसतंय मात्र भारी,” तो पुटपुटला. राजेश्वरीनं ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं.

सोमवारी सभा झाली. शगुफ्तानं पान वाचलं, मराठीत, मोठ्यानं. वाचून झाल्यावर कुणीतरी विचारलं की हॉर्न खरंच तसा वाजतो का, तेव्हा तिचे वडील बाहेर गेले आणि त्यांनी वाजवून दाखवला. सगळा वर्ग खिडकीला लटकला. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले, “कंपनीवाल्यांना सांगितलं, यंदा नको.” आणि पुन्हा हॉर्न वाजला तशी त्यांनी कानावर हात ठेवले, हसत.

राजेश्वरी-शाकीरचा वाद मिटला असं मात्र समजू नका. पाटी वेगळी आहे आणि कोरी पाटी वेगळी. मी एकदा सहज म्हटलं की आता एकत्र करा, तर दोघं एका सुरात नाही म्हणाली. पूर्वी मला याचं वाईट वाटलं असतं. आता वाटत नाही. फाटा फुटला म्हणून रस्ता बंद होत नाही, आणि तिकडच्या गावची माणसं इकडच्या बाजाराला येतातच की.

काल राजेश्वरीनं ती बंद केलेली जुनी सुधारणा पुन्हा उघडली. ती घेतली नाहीच. पण तिथे, सगळ्या जगासमोर, त्या एका ओळीखाली तिनं नवं उत्तर लिहिलं. आभार मानले. कारण सांगितलं. काय चांगलं आहे ते सांगितलं. पुन्हा ये म्हटलं.

तासाभरात मला शाकीरचा मेसेज आला. “गुरुजी, चार ओळी आल्या. तिसरी चुकीची हाय. संध्याकाळी तिच्या घरी भांडायला चाललोय.”

“जेवूनच ये,” मी लिहिलं. “आणि गुलबानो म्हणतेय, सिद्धम्मांकडून येताना आमच्यासाठी थोडं विरजण मागून आण.”